अकाली गेलेल्या रॉक अँड रोलवाल्यांसाठी श्रवणसत्र कसं बसवावं

रॉक अँड रोलच्या पहिल्या पिढीतले बरेच जण चाळिशी गाठायच्या आत गेले. त्यांची आठवण म्हणून काही करायचं ठरलं की कार्यक्रम हमखास अपघातात अडकतो: विमान, बर्फ, नाणेफेक, चुकामुक. गाणी तोंडी लावण्यापुरती. इथे दिलेला आराखडा उलटा आहे. दोन तासांचं सत्र, बावीस गाणी आणि मृत्यूच्या हकिगतीला एकूण पाच मिनिटं. माणसं गेली कशी हे सगळीकडे सापडतं. त्यांनी स्टुडिओत नेमकं काय केलं ते ऐकायला मात्र नीट मांडणी लागते.

गाणी छोटी आहेत, बहुतेक अडीच मिनिटांच्या आत संपतात. बावीस गाण्यांना पन्नासेक मिनिटं पुरतात. प्रत्येक गाण्याआधी फार तर पाऊण मिनिट बोला, मध्ये पंधरा मिनिटं चहा ठेवा, तरी शेवटी प्रश्नोत्तरांना वेळ उरतो. निवेदक प्रत्येक गाण्याआधी तीन मिनिटं बोलला तर बोलणं गाण्यापेक्षा लांबतं आणि तिसऱ्या गाण्यापासून लोक मोबाइल काढतात.

तारीख आणि वेळ

सगळ्यात सोयीची तारीख ३ फेब्रुवारी. १९५९ साली त्या दिवशी बडी हॉली (वय २२), रिची व्हॅलेन्स (१७) आणि 'द बिग बॉपर' म्हणजे जे. पी. रिचर्डसन (२८) आयोवातल्या क्लिअर लेकजवळ विमान पडून गेले. विमानाने मेसन सिटीच्या विमानतळावरून तिथल्या मध्यरात्रीनंतर सुमारे १२.५५ ला उड्डाण केलं. आपल्याकडे तेव्हा ३ तारखेच्या दुपारचे १२.२५ झाले होते. त्यांचा शेवटचा कार्यक्रम तिथल्या २ तारखेच्या रात्रीचा, म्हणजे आपल्या ३ तारखेच्या सकाळचा. त्यामुळे '२ की ३' हा वाद आपल्यापुरता उरत नाही. संध्याकाळी सहाला सत्र ठेवलं तरी तारीख चुकत नाही.

३ तारीख कामाच्या दिवशी आली तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातला कुठलाही दिवस चालतो, कारण हा आठवडाच भरलेला आहे. गिटार स्लिम ७ फेब्रुवारी १९५९ रोजी गेला, हॉलीनंतर चारच दिवसांनी, वयाच्या ३२ व्या वर्षी. त्याच्या मृत्यूची बातमी कुणाच्या फारशी लक्षात राहिली नाही. जेसी बेल्विन (२७) ६ फेब्रुवारी १९६० रोजी आर्कान्सातल्या होपजवळ मोटार अपघातात गेला. एकट्या कलाकारावर सत्र करायचं असेल तर एडी कॉक्रनसाठी १७ एप्रिल, फ्रँकी लायमनसाठी २७ फेब्रुवारी, सॅम कुकसाठी ११ डिसेंबर. जॉनी एस २५ डिसेंबरला गेला, पण नाताळच्या दिवशी श्रोते मिळणार नाहीत.

कोणाला घ्यायचं, कोणाला नाही

एक नियम करा आणि त्यावर ठाम राहा, नाहीतर यादी फुगत जाते. चालण्यासारखा नियम: १९६० च्या आत नाव झालेलं असावं आणि वय चाळिशीच्या आत असताना मृत्यू आलेला असावा. या नियमाने एल्व्हिस (४२) बाहेर राहतो आणि कुणीतरी कुरकुरतंच. कुरकुरू द्या. त्याची आठवण काढायला लोकांना आपल्या सत्राची गरज नाही. हँक विल्यम्स २९ व्या वर्षी गेला, पण तो कंट्रीवाला, आणि १९५३ चा पहिलाच दिवस त्याने पाहिला नाही की जेमतेम पाहिला एवढ्यावरच चर्चा अडकते. त्यालाही सोडा.

जीन व्हिन्सेंट (३६) नियमात बसतो. कॉक्रनच्या अपघातात तोही गाडीत होता आणि जबर जखमी झाला होता. तरी दोन तासांत त्याला न्याय मिळत नाही. ज्यांची गाणी आपल्याकडे कमी ऐकली जातात अशांना त्याची जागा द्यावी: लिटल विली जॉन, जॉनी एस, गिटार स्लिम. केवळ विमानातले तिघे घेतले तर सत्र सोपं होतं, पण ते रॉक अँड रोलचं राहत नाही. या संगीताचा पाया घालणारे बहुतेक कृष्णवर्णीय गायक होते आणि त्यांच्यातलेही अनेक तरुणपणीच गेले. नेमके तेच स्मृतिकार्यक्रमांतून गळतात.

कुठलं ध्वनिमुद्रण वाजवायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. गाण्याचं नाव शोधून पहिलं येईल ते लावलं की हॉलीऐवजी हॉलीच्या मृत्यूनंतर बसवलेला वाद्यवृंद ऐकू येतो.

हॉलीने १९५८ च्या डिसेंबरपासून १९५९ च्या जानेवारीपर्यंत न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी अँपेक्सच्या टेपरेकॉर्डरवर काही गाणी टिपून ठेवली. नुसता गळा आणि गिटार. तो गेल्यावर आधी निर्माता जॅक हॅन्सनने न्यूयॉर्कमध्ये त्यावर वाद्यं आणि कोरस चढवला. पुढे १९६२ पासून हॉलीचा जुना निर्माता नॉर्मन पेटी याने द फायरबॉल्स या बँडकडून पुन्हा वेगळी साथ चढवली. म्हणजे 'क्राइंग, वेटिंग, होपिंग' किंवा 'पेगी स्यू गॉट मॅरिड' यांची तीन-तीन रूपं बाजारात आहेत. ओळखायची खूण सोपी आहे. हॉलीच्या ओळीला मागून गुळगुळीत कोरस उत्तर देतो ते हॅन्सनचं. ड्रम आणि चमकदार इलेक्ट्रिक गिटार पुढे असेल, कोरस नसेल, तर बहुधा पेटीचं. दोन्ही नसेल, खोलीतली हवा ऐकू येत असेल, तर घरची मूळ टेप. ॲपमध्ये किंवा सीडीच्या मागे 'अनडब्ड' (वर काही न चढवलेलं) असं लिहिलेलं असतं, ते शोधा. तिथे दिसणारं साल पुष्कळदा फेरप्रकाशनाचं असतं, त्यावर विसंबू नका.

सत्रात आधी घरच्या टेपचा एक मिनिट वाजवा, मग त्याच गाण्याचं हॅन्सनचं रूप एक मिनिट. क्रम उलटा केला तर मूळ टेप 'अपुरी' वाटते आणि सगळा हेतूच जातो. निवेदनात एक खुलासा करावा लागतो: हॅन्सनच्या ध्वनिमुद्रणावरचे 'रे चार्ल्स सिंगर्स' आणि गायक-पियानोवादक रे चार्ल्स यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गिटार स्लिमच्या 'द थिंग्ज दॅट आय यूज्ड टू डू'वर पियानो वाजवणारा मात्र खरोखर तोच रे चार्ल्स आहे, आणि दोन्ही एकाच सत्रात आले की गोंधळ ठरलेला.

'दॅटल बी द डे'ची दोन ध्वनिमुद्रणं आहेत. पहिलं डेक्का कंपनीसाठी नॅशव्हिलला २२ जुलै १९५६ रोजी केलेलं. हॉली तिथे चढ्या सुरात, ताणून गातो आणि गाणं उभं राहत नाही. दुसरं २५ फेब्रुवारी १९५७ रोजी न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिसला पेटीच्या स्टुडिओत केलेलं. गाजलं ते हे. डेक्काच्या करारामुळे तीच गाणी पाच वर्षं दुसऱ्या कुणासाठी गाता येणार नव्हती, म्हणून तबकडीवर हॉलीचं नाव न घालता 'द क्रिकेट्स' असं बँडचं नाव घातलं. पुढे डेक्काने जुनं ध्वनिमुद्रण एलपीवर काढलं, त्यामुळे आजही संकलनांत चुकून तेच सापडतं. खात्री करायला दोन्ही लागोपाठ ऐका. फरक पहिल्या ओळीतच कळतो.

सॅम कुकच्या 'अ चेंज इज गॉना कम'ची गत निराळी. मार्च १९६४ च्या एलपीवर गाणं पूर्ण आहे. तो गेल्यावर अकरा दिवसांनी, २२ डिसेंबरला, सिंगल निघालं त्यात एक कडवं कापलेलं आहे. चित्रपटाला आणि गावात जाताना 'इथे थांबू नकोस' असं ऐकवलं जातं, तेच ते कडवं. गाणं साधारण तीन मिनिटं दहा सेकंदांचं असेल तर ते पूर्ण आहे. अडीच-पावणेतीन मिनिटांचं असेल तर ते घेऊ नका.

आता खोटा स्टिरिओ. १९६० च्या दशकात कंपन्यांनी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची, ध्वनिमुद्रणं 'स्टिरिओ' म्हणून विकायला खालचे सूर एका बाजूला, वरचे दुसऱ्या बाजूला केले, मध्ये किंचित उशीर आणि वर घुमारा घातला. पारख करायची तर ॲम्प्लिफायरचा बॅलन्स पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे फिरवा. एक बाजू दबकी आणि दुसरी पातळ, पत्र्यासारखी लागली, तर ते खोटं आहे. दोन्ही बाजू एकत्र केल्या तरी दोष जात नाही, उलट आवाज पोकळ होतो, कारण उशिराने आलेले सूर एकमेकांना खातात. अस्सल मोनो प्रत शोधणं हाच उपाय. अपवाद २१ ऑक्टोबर १९५८ चा. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या पिथियन टेम्पलमध्ये डिक जेकब्सच्या वाद्यवृंदाबरोबर झालेली हॉलीची चार गाणी खऱ्या स्टिरिओत आहेत. 'ट्रू लव्ह वेज' त्यातलंच. हे दोन स्पीकरवर ऐकवा, व्हायोलिनची फळी उघडते. काही प्रतींत गाण्याआधी स्टुडिओतली कुजबुज आणि पियानोची चाचपणी ऐकू येते. मिळाली तर तीच लावा.

क्रम

मृत्यूच्या तारखेने क्रम लावू नका. ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने लावा, म्हणजे संगीत बदलत गेलेलं कानाला कळतं.

सुरुवात गिटार स्लिमने, न्यू ऑर्लिन्स, ऑक्टोबर १९५३. गिटारचा आवाज मुद्दाम फाटू दिलेला आहे. पुढच्या दहा वर्षांत लोक जे शोधत बसले ते इथे आधीच आहे. मग जॉनी एसचं 'प्लेजिंग माय लव्ह', १९५४. हे त्याच्या मृत्यूनंतर १९५५ मध्ये ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत दहा आठवडे पहिलं होतं. मग तेरा वर्षांच्या फ्रँकी लायमनचं 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' आणि लिटल विली जॉनचं 'फीव्हर', दोन्ही १९५६ मध्ये निघालेली. 'फीव्हर' बहुतेकांना पेगी लीच्या आवाजात माहीत असतं. विली जॉनचं दोन वर्षं आधीचं आहे, हे सांगून लावलं की कान टवकारतात. त्याच्या मागे जॉनी बर्नेटच्या त्रिकुटाचं 'द ट्रेन केप्ट अ-रोलिन', आणि त्याला चिकटून हॉलीचं नॅशव्हिलचं 'दॅटल बी द डे', फक्त एक मिनिट. दोन्ही एकाच महिन्यातली, एकाच शहरातली. लगेच क्लोव्हिसचं पूर्ण.

इथून हॉलीची तीन गाणी सलग: 'एव्हरीडे', 'पेगी स्यू', 'नॉट फेड अवे'. तिन्हींत ड्रमर जेरी ॲलिसनकडे लक्ष द्यायला सांगा. 'एव्हरीडे'त ड्रम नाही, तो गुडघ्यांवर हात मारतोय. टिणटिण वाद्य म्हणजे चेलेस्टा, वाजवणारी नॉर्मन पेटीची पत्नी व्हाय. 'नॉट फेड अवे'त तो पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजवतोय. 'पेगी स्यू'त ड्रम इतका मोठा येत होता की ॲलिसनला स्टुडिओच्या बाहेरच्या जागेत बसवलं होतं. पेटी त्याचा आवाज प्रतिध्वनीच्या खोलीत सोडून पुन्हा काढत होता, म्हणून ड्रम लाटेसारखा जवळ येतो, लांब जातो. हे दोन स्पीकरमधून फिरणारं तंत्र नाही, मोनो आहे; तरी खोली हलल्यासारखी वाटते. आणि गिटारचा एकल तुकडा सुरू होताना आवाज अचानक टोकदार होतो, तिथे बोट वर करा. हॉलीचा उजवा हात तारांवरून क्षणभरही सुटत नव्हता, म्हणून गिटारवादक निकी सलिव्हनने त्याच्याशेजारी गुडघे टेकून त्याच्या स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटारवरचा, आवाजाचा पोत बदलणारा पिकअपचा खटका फिरवला. गाणं एकदा पूर्ण ऐकवा, हे सांगा, आणि एकल तुकड्याचा भाग पुन्हा वाजवा. संपूर्ण सत्रात दुसऱ्यांदा वाजवण्यासारखी जागा हीच.

सॅम कुकचं 'यू सेंड मी' लावून चहाला सोडा.

चहानंतर पहिलं गाणं मोठ्या आवाजाचं हवं, कारण लोक बोलत परत येतात. कॉक्रनचं 'समरटाइम ब्लूज', मार्च १९५८, हॉलिवूडचा गोल्ड स्टार स्टुडिओ. साहेबाचा, बापाचा जाड आवाज कॉक्रनचाच आहे. गिटारीही त्याने एकावर एक चढवल्या. व्हॅलेन्सची 'कम ऑन, लेट्स गो', 'डॉना' आणि 'ला बाम्बा' तिन्ही ऐकवा. त्याची सगळी ध्वनिमुद्रणं वर्षभराच्या आतली आहेत. 'ला बाम्बा' हे मेक्सिकोतल्या व्हेराक्रुझचं लोकगीत. व्हॅलेन्स इंग्रजीतच वाढलेला, स्पॅनिश त्याला सराईत नव्हती. ड्रमवर अर्ल पामर, आणि खालून घुमणारी ओळ रेने हॉलच्या सहा तारांच्या बास गिटारची. हवं तर शेवटी त्याच्या पाकोइमाच्या शाळेतल्या डिसेंबर १९५८ च्या कार्यक्रमातला एक मिनिट लावा. ध्वनिमुद्रण खराब आहे, पण त्याच्याच गावच्या मुलांचा आरडाओरडा आहे. एक मिनिटापेक्षा जास्त नको.

'शँटिली लेस' फोनच्या घंटीपासून लावा. सुरुवातीचं बोलणं वगळून वाजवणारे भेटतात. मग उरतं काय? बिग बॉपर मुळात टेक्सासमधल्या बोमाँटचा रेडिओ निवेदक, त्याची सगळी कला बोलण्यात आहे. हे गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला घातलेलं होतं, पुढच्या बाजूचं आज कुणाला आठवत नाही.

मग 'ट्रू लव्ह वेज', मग घरच्या टेपची तुलना. आणि इथे, ध्वनिमुद्रणांचा धागा ३ फेब्रुवारीपाशी पोचल्यावर, मृत्यूची पाच मिनिटं. त्यामागे कॉक्रनचं 'थ्री स्टार्स'. अपघातानंतर दोनच दिवसांनी, ५ फेब्रुवारीला, त्याने हे तिघांवरचं गाणं मुद्रित केलं. हॉली आणि व्हॅलेन्स त्याचे मित्र. बोलायच्या ओळींत त्याचा आवाज सावरत नाही. कॉक्रनच्या हयातीत ते निघालं नाही. नंतर त्याचंच 'थ्री स्टेप्स टू हेवन', ८ जानेवारी १९६०, ड्रमवर पुन्हा जेरी ॲलिसन. हे प्रेमाचं, चांगल्या मूडमधलं गाणं आहे. नावावरून त्यात मरणाची चाहूल शोधणारे असतात, निवेदनात तसं काही सुचवू नका. 'रनिंग बेअर' जॉनी प्रेस्टनने गायलं, पण लिहिलं बिग बॉपरने आणि मागचे हुंकार बिग बॉपर आणि कंट्री गायक जॉर्ज जोन्सचे. ते पहिल्या क्रमांकावर पोचलं जानेवारी १९६० मध्ये, म्हणजे तो जाऊन वर्ष होत आलं तेव्हा.

शेवटी सॅम कुकचं 'अ चेंज इज गॉना कम' आणि उठता उठता जेसी बेल्विनचं 'गुडनाइट माय लव्ह'. अमेरिकी रेडिओ निवेदक ॲलन फ्रीड आपला कार्यक्रम याच गाण्याने संपवत असे, तेव्हा जागा बरोबर आहे.

पाच मिनिटांत काय सांगायचं

लिहून काढा आणि वाचा. आयत्या वेळी बोललं की दंतकथा शिरतात.

'विंटर डान्स पार्टी' हा दौरा २३ जानेवारी १९५९ ला मिलवॉकीहून सुरू झाला. बसची हीटर यंत्रणा बंद पडत होती. ड्रमर कार्ल बंचचे पाय हिमदंशाने बधिर झाले, त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. २ फेब्रुवारीचा क्लिअर लेकचा सर्फ बॉलरूममधला कार्यक्रम मूळ वेळापत्रकात नव्हता, मागून घातला. पुढचा मुक्काम मिनेसोटातल्या मूरहेडला. त्यासाठी हॉलीने शेजारच्या फार्गोपर्यंत चार आसनी बीचक्राफ्ट बोनान्झा भाड्याने घेतलं. हॉलीच्या साथीतला बासवादक वेलन जेनिंग्जने आपली जागा आजारी बॉपरला दिली, गिटारवादक टॉमी ऑलसपने आपली व्हॅलेन्सकडे नाणेफेकीत गमावली. विमान काही मैलांवरच्या शेतात पडलं. चौकशीत ठपका आला तो वैमानिकाला केवळ उपकरणांवर विसंबून उडवण्याचा अधिकार नसण्यावर; शिवाय या विमानातलं तोल दाखवणारं यंत्र त्याच्या सवयीच्या यंत्राच्या उलट दिशेने दाखवणारं होतं. हवामानाची पुरेशी सूचनाही त्याला मिळाली नव्हती.

वैमानिकाचं नाव घ्या: रॉजर पीटरसन, वय २१. 'तिघं गेले' असं म्हणायची सवय लागली आहे, गेले चौघं. शेतातल्या स्मारकाजवळ त्याच्या नावाची खूण यायला २००९ उजाडलं.

विमानाचं नाव 'अमेरिकन पाय' होतं, ही थाप आहे. त्या विमानाला नावच नव्हतं. 'संगीत मेलं तो दिवस' हा शब्दप्रयोग १९७१ च्या डॉन मॅक्लीनच्या गाण्यातला आहे, १९५९ च्या वर्तमानपत्रातला नाही. दुसरी नेहमीची सरमिसळ दोन क्लिअर लेकची: १९५९ चं आयोवातलं, आणि जॉनी बर्नेट १४ ऑगस्ट १९६४ रोजी बुडाला ते कॅलिफोर्नियातलं.

कॉक्रनबद्दल दोन वाक्यं पुरतात: ब्रिस्टलचे कार्यक्रम आटोपून निघालेली टॅक्सी १६ एप्रिल १९६० च्या रात्री चिपनमला आदळली, दुसऱ्या दिवशी बाथच्या रुग्णालयात तो गेला, वय २१. जॉनी एसबद्दल एकच: ह्यूस्टनच्या रंगमंचामागे त्याच्याच हातातलं पिस्तूल उडालं. तो जुगारासारखा खेळ खेळत होता की नुसती फुशारकी मारत होता, याबद्दल तिथे हजर असलेल्यांनीच वेगवेगळं सांगितलं आहे. एक बाजू घेऊन नाट्य रंगवू नका.

यंत्रणा

गाणी जवळपास सगळी मोनो आहेत, त्यामुळे पंचवीस-तीस श्रोत्यांना एक चांगला मोठा स्पीकर दोन फुटकळ स्पीकरांपेक्षा बरा. 'ट्रू लव्ह वेज'पुरता दुसरा जोडता आला तर जोडा.

मोबाइल किंवा लॅपटॉपवरून वाजवणार असाल तर गाणी आधी उतरवून घ्या आणि दोन गोष्टी बंद करा. पहिली क्रॉसफेड, म्हणजे एका गाण्याच्या शेवटावर पुढचं गाणं चढवणारी सोय. ती चालू राहिली तर 'शँटिली लेस'ची घंटी आधीच्या गाण्याच्या शेपटात बुडते. दुसरी सूचनांचे आवाज. आवाजाची पातळी आपोआप समान करणारी सोय ठेवली तरी चालते, पण घरच्या टेपला ती फुगवते आणि टेपची सरसर डोक्यात जाते. तेवढं गाणं हाताने कमी करा.

पातळी ठरवायला सगळ्यात मोठं गाणं घेतात, तिथेच चुकतं. 'एव्हरीडे' लावा, पंखे चालू ठेवा, शेवटच्या रांगेत बसा. गुडघ्यांवरची थाप ऐकू आली पाहिजे. तेवढ्या पातळीवर बर्नेटचं गाणं कर्कश लागत असेल तर ट्रेबल किंचित उतरवा, आवाज नको.

तबकड्या वाजवायच्या तर: ४५ च्या अमेरिकी तबकडीचं भोक दीड इंचाचं असतं, मधला ॲडॉप्टर खिशात ठेवा. १९५० च्या दशकातल्या मोनो मायक्रोग्रूव्हला (बारीक खाचेच्या तबकडीला) ०.००१ इंच टोकाची सुई जुळते. आजची स्टिरिओ सुई चालते, पण ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबल्यावर वरखाली होणारा खरखराट बराच मरतो. मोनो बटण नसेल तर दोन वाहिन्या वायरने एकत्र पिळू नका, दोन ॲम्प्लिफायरची टोकं एकमेकांवर येतात, मिक्सर वापरा. भारतात ७८ च्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या, बीटल्सच्यासुद्धा, त्यामुळे जुन्या बाजारात इंग्रजी गाण्यांची ७८ सापडू शकते. तिला ०.००३ इंचाची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाला घासत जाते आणि नुसती खरखर उचलते. अशी तबकडी चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुईने वाजवून दाखवायचा मोह होतो. दिसायला छान, पण जड ध्वनिपेटीखाली खाच दर खेपेला झिजते, आणि पुढे कुणालाच ती नीट ऐकता येणार नाही.

कुणी गाणार असेल तर

एखादंच गाणं ठेवा आणि ते 'नॉट फेड अवे' असू द्या. कोरडा, घट्ट पुठ्ठ्याचा खोका आणि दोन काठ्या एवढ्यात ताल उभा राहतो. दमट खोका बोलत नाही. 'पेगी स्यू' सोपं दिसतं: ए, डी, ई या कॉर्ड, आणि मध्ये अनपेक्षित एफ. पण मिनिटाला साधारण १५० च्या लयीत प्रत्येक ठोक्याला दोन फटके, सगळे खालच्या दिशेने. नवख्याचं मनगट एका मिनिटात आखडतं. फटका खांद्यातून न मारता मनगटातून, वरच्या तीन-चार तारांपुरता हलका मारायचा सराव आठवडाभर आधी हवा. झालं नाही तर खाली-वर वाजवतात, आणि गाणं लगेच ढिलं पडतं.

परवानगी

घरच्या बैठकीला काही लागत नाही. सार्वजनिक सभागृहात दोन वेगळे हक्क लक्षात घ्या. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो, गीत-संगीताचा लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि जोडीने लिहिलं असेल तर शेवटी गेलेल्यापासून मोजून. 'पेगी स्यू'वर ॲलिसनचं नाव आहे आणि तो २०२२ साली गेला, म्हणजे १९५७ चं गाणं जुनं झालं म्हणून मोकळं होत नाही. सभागृहाच्या व्यवस्थापनाकडे आरक्षणाच्या वेळीच विचारा. आदल्या दिवशी परवाना निघत नाही.

वेळ कमी पडायला लागला तर आधी 'रनिंग बेअर' कापा, मग पाकोइमाचा मिनिट, मग 'यू सेंड मी'. घरच्या टेपची तुलना आणि गिटार स्लिम यांना हात लावू नका.